अक्कांच्या मण्यांचे मालक

आमचे घरमालक माणूस म्हणून वाईट नव्हते, असं गल्लीत सगळे म्हणायचे. दारू नाही, तंबाखू नाही, बायकोवर कधी आवाज चढवला नाही. आठ वर्षं मीही तेच म्हणत होते. आता म्हणत नाही.

राजारामपुरीत त्यांचं घर होतं. खाली ते आणि त्यांची बायको, वरच्या दोन खोल्यांत आम्ही नवरा-बायको. माझा नवरा शिरोली एमआयडीसीत कामाला होता आणि मी डी.एड. करून नोकरीची वाट बघत घरी बसले होते. मालकही शिरोलीच्याच एका फाउंड्रीत स्टोअरकीपर होते. नट, बोल्ट, बेअरिंगा, हातमोजे आणि साबणाच्या वड्या कप्प्यात ठेवायच्या आणि चिठ्ठी बघून काढून द्यायच्या, हे त्यांनी तीस वर्षं केलं. त्यात वाईट काही नाही. पण जगात देवानं आधी कप्पे केले आणि मग त्यात ठेवायला म्हणून बाकीच्या गोष्टी केल्या, अशी त्यांची प्रामाणिक समजूत झाली होती.

खोल्या बघायला गेलो त्या दिवशी त्यांनी खोल्या पाच मिनिटांत दाखवल्या आणि चपला कुठे काढायच्या हे पाव तास समजावलं. टाचा भिंतीकडे. बायकांच्या डावीकडे. पावसाळी चपला खालच्या फळीवर.

"वस्तू हरवत न्हाय वैनी," ते म्हणाले, "माणूस तिला हरवतंय."

हे त्यांचं लाडकं वाक्य. पुढे ते मी इतक्यांदा ऐकलं की माझी किल्ली सापडेनाशी झाली तरी मला आधी त्यांचाच राग यायचा.

त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणत. अक्का कुरुंदवाडच्या. बोलता बोलता मध्येच एखादा कानडी शब्द यायचा आणि समोरच्याला कळला नाही तर त्या स्वतःच हसायच्या. अक्का मण्यांचं काम करायच्या. दाराची तोरणं, देव्हाऱ्याची महिरप, रुखवतात ठेवायचे मोर आणि राघू. शिकल्या कुठे विचारलं तर म्हणायच्या, "हाताला ठाऊक हाय, मला काय ठाऊक न्हाय."

त्यांचे मणी गोडेतेलाच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात असायचे. सगळे एकत्र. बारीक पोत, काचेच्या नळ्या, जाड काचमणी, कुणाच्या तुटलेल्या माळेतले मोती. दुपारी जेवणं झाली की अक्का सोप्यात परात घेऊन बसायच्या, परातीत पांढरं फडकं अंथरायच्या आणि डब्यातले दोन मुठी मणी त्यावर ओतायच्या. मग सुईचं टोक त्या ढिगातून फिरायला लागायचं. मी समोर बसून भाजी निवडायची आणि बघायची. हिरवा शोधताना मध्येच निळा लागायचा. तो त्या उचलून उजेडात धरायच्या आणि म्हणायच्या, "आता ह्या राघूला निळी मान करू या. आपणहून आलाय तर परत कशाला पाठवायचा?"

त्यांच्या दोन राघूंचा रंग कधी एकसारखा आला नाही. गल्लीतल्या बायका लग्न ठरलं की आधी अक्कांकडे येत, मग पत्रिका छापायला देत.

त्यानंतर मालक निवृत्त झाले.

फाउंड्रीत कॉम्प्युटर आला होता. त्याला बेअरिंग आणि बुश यांतला फरक कळणार नाही, असं मालक हसून सांगायचे. वर्षभरात त्याला सगळं कळलं आणि मालकांना शाल-नारळ मिळाला. पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघर हातात घेतलं. डाळींचे डबे अक्षरांप्रमाणे लावले, म्हणजे उडीद पहिला आणि हरभरा शेवटी. अक्कांनी दोन दिवस बघून घेतलं. तिसऱ्या दिवशी त्या शांतपणे म्हणाल्या, की आत परत पाय टाकलासा तर सैपाक तुम्हीच करायचा. मालक बाहेर आले. तीस वर्षं चिठ्ठी बघणाऱ्या माणसाला कुठे आपलं चालत नाही हे बरोबर कळतं, आणि कुठे चालेल हेही.

ते सोप्यात येऊन बसले. समोर अक्का परातीत सुई फिरवत होत्या. मालकांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"सात मिन्टं," थोड्या वेळानं ते म्हणाले. "एका मण्यापायी सात मिन्टं घालवलीस तू."

अक्का हसल्या. मीही हसले. तेव्हा हसायला नको होतं.

दसऱ्याला सुतार येऊन माप घेऊन गेला आणि दिवाळीनंतर सोळा कप्प्यांचं कपाट सोप्यात उभं राहिलं. बरोबर होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या काचेच्या छोट्या बाटल्या, पोतंभर. फोटोच्या रोळाच्या काळ्या डब्या, त्या नळ्यांसाठी. आणि फाउंड्रीतून मागून आणलेला जुन्या चाळण्यांचा संच. ओतकामाची वाळू बारीक की जाड ते ज्यात चाळून बघतात, त्या पितळी चाळण्या. अक्कांचा डबा मालकांनी त्यात उपडा केला. मणी चाळले, मापानं वेगळे केले, मग खिडकीपाशी बसून चिमट्यानं एकेक रंग वेगळा केला. होळीपर्यंत हे चाललं होतं. चार-साडेचार महिने अक्कांच्या हाताला मणी नाही. त्या बिचाऱ्या देवळासाठी वाती वळत बसायच्या. लग्नाची तोरणं मागायला आलेल्या बायकांना सांगायच्या, "काम चाललंय. आता सगळं सोयीचं होणार हाय."

बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या मी लिहिल्या. हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. माझं अक्षर चांगलं होतं, आणि दोन वर्षांत त्या अक्षराला कुणी काही विचारलं नव्हतं. मालक रोज दुपारी वर यायचे आणि जिन्यातूनच म्हणायचे, "वैनी, आज चाळीस." मी काळ्या शाईनं ओळीत लिहायची: कप्पा सात, बाटली तीन, पोपटी, बारीक. ते चष्मा वर करून बघायचे आणि म्हणायचे, छापल्यावाणी हाय. मला बरं वाटायचं. खाली अक्का वाती वळतायत हे मला दिसत होतं, पण बरं वाटत होतं.

कपाट लागलं आणि मालकांना जगण्याला कारण मिळालं. घरी येईल त्याला ते बघावंच लागे. पाहुणे, वीज मीटर बघायला येणारा माणूस, सिलिंडर घेऊन आलेला माणूस. सिलिंडर खांद्यावर तसाच, आणि मालक त्याला सांगतायत, "पावणं, तो सात नंबर उघडा. उघडा की." तो बिचारा उघडायचा, व्वा म्हणायचा. सगळेच व्वा म्हणायचे. ह्या मण्यांचं पुढे करता काय, असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. मालकांनी आपण होऊन कधी सांगितलं नाही. त्यांच्या दृष्टीनं मण्याचं जे व्हायचं ते झालं होतं. तो बाटलीत गेला होता.

केर काढला की सुपलीतला केर त्यांना दाखवल्याशिवाय टाकायचा नाही, असा नियम झाला. फरशीवर काही गोल दिसलं की ते चिमट्यानं उचलत आणि ओळख पटेपर्यंत एका वेगळ्या बाटलीत ठेवत. त्या बाटलीवर माझ्या अक्षरात 'अनोळखी' असं लिहिलं होतं. वर्षानं मी ती उन्हात धरून बघितली. आत मोहरी होती, एक साबुदाणा होता आणि होमिओपॅथीची एक गोळी होती. मणी एकही नव्हता.

मणी देण्याची वेळ सकाळी दहा ते अकरा. कपाटाची किल्ली मालकांच्या करगोट्याला. अक्कांनी चिठ्ठी लिहून द्यायची, रंग, माप आणि नग. पहिल्या दिवशी अक्कांना हा खेळ वाटला. त्या हिरवे द्या म्हणाल्या. मालकांनी किती विचारलं. लागतील तेवढे, अक्का म्हणाल्या.

"असं न्हाय चालत. नग सांग."

"आधी ओवल्याबिगर मला कसं कळणार किती लागतील?"

"मग आधी ठरीव, आणि मग ओव," मालक म्हणाले.

ते रागावले नव्हते. ते कधीच रागावत नसत, हीच तर अडचण होती. रागावले असते तर अक्का भांडल्या असत्या. स्वयंपाकघरासाठी भांडल्या होत्याच. पण हा माणूस हसतमुखानं, बायकोच्या सोयीसाठी म्हणून, तिच्यासमोर काउंटरवर बसल्यासारखा बसायचा आणि बाटलीतून चाळीस हिरवे मणी मोजून वाटीत टाकायचा. संध्याकाळी उरलेले परत द्यायचे, रंगवार. बाजारातून नवे आणले तर तेही आधी कपाटात जमा करायचे आणि दुसऱ्या दिवशी चिठ्ठीनं मागायचे. आणि कुठल्याही बाटलीत वीसच्या खाली मणी जाता कामा नयेत. बाटली रिकामी झाली म्हणजे स्टोअरचं नाक कापलं गेलं, असं त्यांचं म्हणणं.

अक्कांचे राघू हळूहळू एकसारखे व्हायला लागले. मग कमी झाले. मग एक दिवस मी खाली गेले तर दहा वाजून गेले होते, मालक कपाट उघडून बसले होते आणि अक्का चिठ्ठी न घेता नुसत्या कपाटाकडे बघत होत्या. मी जवळ बसले तेव्हा हळूच म्हणाल्या, "बाटलीत बघून पाखरू सुचत न्हाय गं."

मी म्हटलं, अक्का, पण आता किती नीटनेटकं झालंय. मी असं म्हटलं होतं.

अक्कांच्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा आम्हाला तिथे राहून सात-आठ वर्षं झाली होती. ही मुलगी कॉलेजसाठी दोन वर्षं अक्कांजवळ राहिली होती. परातीतला ढीग चिवडत त्यांच्या शेजारी बसायची. तिच्या सासरच्या दाराला तोरण करून देईन, असा अक्कांनी तिला तेव्हाच शब्द दिला होता. बारा राघू, मध्ये आंब्याची पानं, खाली मोत्यांची झालर. कपाट आल्यापासून अक्कांनी एवढं मोठं काम धरलं नव्हतं. दोन महिने त्या रोज दहा वाजता चिठ्ठी घेऊन उभ्या राहिल्या. चोचींसाठी लांबट तांबडे मणी हवे होते, ते त्यांनी महाद्वार रोडवरून स्वतः जाऊन आणले. मालकांनी ते नियमानं कपाटात जमा केले. त्यातले काही एका राघूत गेले, काही दुसऱ्यात. शेवटचा राघू राहिला तेव्हा बाटलीत वीस मणी होते.

मालकांनी बाटली अक्कांना दाखवली. बघ, वीसच हाईत, म्हणाले. आणि परत ठेवून कपाटाला कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी लग्न होतं.

हे मला नंतर कळलं. लग्नाच्या दिवशी सकाळी आम्ही तिघं कुरुंदवाडच्या बसमध्ये बसलो, माझ्या नवऱ्याला रजा नव्हती. अक्का माझ्या शेजारी, मांडीवर तोरणाची पिशवी. वाऱ्यानं त्यांचा पदर सरकला आणि मला त्यांचं मंगळसूत्र दिसलं. वाट्यांच्या दोन्ही बाजूंना पोवळं असायचं, ते नव्हतं. त्या जागी पांढऱ्या दोऱ्याच्या गाठी होत्या. मी बघतेय हे बघून अक्कांनी पदर ओढून घेतला आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

भावाच्या घरापुढे मांडव होता. सोप्यात रुखवत मांडलं होतं आणि त्याच्या वर, आतल्या दाराला, तोरण लावलं होतं. बायका बघून जात होत्या. मी खूप तोरणं बघितली आहेत, पण तसं पुन्हा बघितलं नाही. बाराव्या राघूची चोच बाकीच्यांपेक्षा जाड आणि गडद होती, दोन पोवळ्यांची, किंचित उघडी, जणू तो एकटाच काहीतरी बोलत होता. नवरी मुंडावळ्या सावरत येऊन त्याच्याकडे बोट करून हसून गेली.

मालक तोरणापाशी आले आणि राघू मोजू लागले. बाराव्यापाशी थांबले. स्टुलावर चढले, चष्मा वर केला.

"ही गळ्यातली पोवळी हाईत," ते म्हणाले.

आवाज चढलेला नव्हता, पण सोप्यातल्या बायका वळून बघायला लागल्या. अक्कांनी मान खाली घातली. अक्कांचे भाऊ पुढे आले आणि सहज स्वरात म्हणाले, "असू दे की दाजी. लेकीच्याच दाराला लावल्यात. कुठं परक्याच्यात गेल्यात?"

"जे गळ्यातलं ते गळ्यात," मालक म्हणाले. "जागा सोडून कशाला?"

त्यांच्या किल्लीच्या जुडग्याला नेलकटर असायचं. त्यांनी ते उघडलं आणि चोचीजवळचं तंगूस कापलं. त्यांना दोनच पोवळी काढायची होती. पण ताणलेलं तंगूस एका जागी कापलं की थांबत नाही. पोवळी त्यांच्या हातात आली, आणि पाठोपाठ तो राघू, त्याच्या शेजारचा आणि त्यांच्याखालची सगळी झालर फरशीवर ओघळली. मणी रुखवताच्या ताटांत गेले, बायकांच्या पायांखाली गेले, उंबऱ्यावरून मांडवात गेले.

मालक स्टुलावरून उतरले आणि गुडघ्यांवर बसले. रुमाल पसरला आणि वेचायला लागले. मला वाटलं, माणूस ओशाळलाय. मग बघितलं तर ते रुमालात हिरवे एका कोपऱ्यात ठेवत होते, मोती दुसऱ्या कोपऱ्यात. बाहेर अक्षता वाटल्या गेल्या, सगळे मांडवात गेले, नवरीला आणलं. कुणीतरी मालकांना उठा म्हणालं. ते हूं म्हणाले. अक्षता पडल्या तेव्हा ते दारात गुडघ्यांवर होते. त्यांच्या पाठीवर तांदूळ पडले, समोर मण्यांत पडले. त्यांनी नखानं तांदूळ वेगळे केले.

अक्कांनी उरलेलं तोरण काढलं. सुटलेलं टोक गाठ मारून बांधलं आणि घडी करून नवरीच्या हातात दिलं. दहा राघू राहिले होते. नवरीनं ते शालूत धरलं आणि अक्कांच्या खांद्यावर डोकं टेकलं. अक्का रडल्या नाहीत. पंगतीत बसल्या, जेवल्या, मला आग्रह करून पोळी वाढायला लावली.

संध्याकाळी मालक रुमालाची गाठ बांधून तयार झाले. शेवटची गाडी चुकंल, चल, म्हणाले.

"तुम्ही व्हा पुढं," अक्का म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये मी त्यांच्या शेजारी होते. रुमाल त्यांनी मांडीवर धरला होता. जयसिंगपूर येईपर्यंत त्यांची नजर समोरच्या सीटवर होती. मला वाटलं, बायकोचा विचार करत असतील. मग म्हणाले, "पंधरा-वीस मणी न्हाईच मिळाले वैनी. मांडवात माती हाय ना."

पोवळी गळ्यात परत जायची होती, पण गळा कुरुंदवाडला राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी मालक जिना चढून वर आले. कप्पा सोळा, बाटली एक, पोवळी. मला लिहायचं नव्हतं. मी नवऱ्याची पँट इस्त्री करत होते, हात मोकळा नाही असं सांगता आलं असतं. मी इस्त्री बाजूला ठेवली आणि लिहून दिलं. आधीच्यासारखंच, ओळीत.

अक्का आल्या नाहीत. मालकांनी डबा लावला. गल्लीत विचारलं की सांगायचे, माहेरी हाय, जरा हवापालट. सकाळी दहाला कपाट उघडून बसायचे आणि अकराला बंद करायचे. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, बघा, किती नेकीचा माणूस, बायकोवाचून कसा राहतोय.

सहा-सात महिने गेले. मी एका गुरुवारी नृसिंहवाडीला निघाले होते. मालकांनी मला फाटकापाशी थांबवलं. कुरुंदवाड तिथून जवळच, तर अक्कांना निरोप सांगाल का, म्हणाले. मी सांगेन म्हटलं. त्यांनी घसा साफ केला. मी आतुर होऊन उभी राहिले, खोटं कशाला बोलू.

"तिला म्हणावं, वेळ वाढवलीय. दहा ते बारा. आणि रविवारी बी उघडं ठेवीन."

दर्शन घेऊन मी कुरुंदवाडला गेले. अक्का भावाच्या सोप्यात परात घेऊन बसल्या होत्या. शेजारच्या दोघी-तिघी जणी भोवती होत्या आणि कुठल्यातरी कानडी शब्दावरून हसणं चाललं होतं. वाडीतल्या एका दुकानासाठी माळा आणि तोरणं करून देते, असं त्यांनी सांगितलं. मंगळसूत्र नुसतं काळ्या मण्यांचं होतं, पांढऱ्या गाठी गेल्या होत्या. मला चहा दिला, माझ्या नोकरीचं विचारलं. मग मी निरोप सांगितला, जसाच्या तसा. शेजारणी एकमेकींकडे बघू लागल्या. अक्कांची सुई थांबली नाही.

"कपाट त्यांचंच की," त्या म्हणाल्या. "माझं त्यात काय न्हाय म्हणावं."

मग त्यांनी माझ्या हातावर चिवड्याची पुडी ठेवली आणि बस चुकू नये म्हणून कोपऱ्यापर्यंत सोडायला आल्या.

मालक फाटकातच उभे होते. केसांना तेल लावलं होतं, शर्ट इस्त्रीचा होता. मी त्यांना अक्कांचं वाक्य सांगितलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. चेहरा थोडा पडल्यासारखा झाला, आणि त्या एका क्षणात मला त्यांची दया आली, हे कबूल करते. मग त्यांनी चष्मा वर केला.

"तसं तिनं लेखी दिलंय का?"

मी वर गेले, चप्पल न काढता खाटेवर बसले आणि नवरा आल्या आल्या त्याला सांगितलं, की दुसऱ्या खोल्या बघ, ह्या महिन्यात.